सहा हजार फुटांवरची पिशवी

१

वीसच्या वीस पिशव्यांतलं मत्स्यजिरं मेलेलं निघालं. एक नाही, दोन नाही, सगळं! जिऱ्याच्या दाण्याएवढाली रोहू-कटल्याची पिल्लं. कलकत्त्याहून नागपूरपर्यंत मोठ्या विमानानं आलेली आणि नागपुराहून मोहाडीच्या पुढच्या माळावर, लढाईच्या काळातल्या जुन्या धावपट्टीवर लहान विमानानं उतरवलेली. साल एकोणऐंशी, ऑगस्टातला सोमवार. वैनगंगेला पूर होता, रस्ते पाण्याखाली होते, म्हणून तर मच्छीमार सोसायटीनं हा विमानाचा थाट केला होता. चाळीस कुटुंबांचं सगळं वर्ष त्या पिशव्यांत होतं आणि ते आता पांढरं पडून तळाला बसलं होतं.

दोष कुणाचा? सोसायटीचे अध्यक्ष भय्याजी यांनी तो उभ्या उभ्या ठरवून टाकला. नागपूरच्या कंपनीला तार गेली, पायलटच्या हलगर्जीपणानं माल मेला.

पायलट म्हणजे घनश्याम सेलोकर. वय पंचवीस, गाव अड्याळ. चार शिटांचं जुनं विमान, मागच्या शिटा काढून तिथं दुसऱ्यांनी माल भरायचा आणि दुसऱ्यांनीच उतरवायचा, पायलटनं हात लावायचा नाही. कधी औषधांची खोकी, कधी यंत्रांचे सुटे भाग, कधी मासे. असलं काम करतं कोण? ज्याला पुढे मोठं विमान चालवायचं आहे ते पोरगं. विमान कंपन्या उमेदवाराला पहिलं विचारतात, उड्डाणाचे तास किती झाले? कमी असतील तर घरी जा. मग ही पोरं मिळेल तो माल घेऊन एकेकटी उडतात आणि वहीत तास लिहितात. घनश्यामला अजून सतरा तास हवे होते, आणि सोबत मालकाचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला.

कंपनीच्या शेठनं तार त्याच्यापुढे टाकली. "गुरुवारी रेशमाचा कोसा आणायला जातोच आहेस. तक्रार मागे घेतली असं सोसायटीकडून लिहून आण. नाही आणलंस तर शनिवारपासून तोंड दाखवू नकोस. आणि दाखल्यात काय लिहायचं ते मग मी बघतो."

घनश्यामनं तार घडी करून खिशात घातली. शेठला ठाऊक नसलेली एक गोष्ट त्याला ठाऊक होती. सोमवारी पस्तीस मिनिटांच्या वाटेला त्यानं एक तास दहा मिनिटं लावली होती.

२

विमानात माणूस एकटा असतो म्हणजे किती एकटा असतो, हे जमिनीवरच्याला सांगून कळायचं नाही. इंजिनाच्या घरघरीत स्वतःशी बोललेलंही ऐकू येत नाही. बरं, उतरल्यावर तरी काय? म्हातारा चौकीदार चिंधू पट्टीवरची गुरं हाकलायचा, सलाम ठोकायचा आणि झाडाखाली जाऊन आडवा व्हायचा. माणसासारखं बोलणारा एकच, गोपीचंद, सोसायटीच्या जीपचा ड्रायव्हर. बाकीचे 'पायलटसाहेब' म्हणायचे, हा 'घन्शा' म्हणायचा. विमानाच्या पंखाखाली सावलीत दोघं बसायचे आणि गोपीचंदच्या डब्यातली भाकर नि अंबाडीची भाजी अर्धी-अर्धी व्हायची. नागपूरच्या खोलीत घनश्याम दोन वर्षं राहत होता. तिथं त्याला जेवलास का, असं कुणी एकदाही विचारलं नव्हतं.

गुरुवारी मात्र गोपीचंदच्या हातात डबा नव्हता. "चाल, भय्याजी वाट पाहून राहिले," एवढंच म्हणाला आणि बारा मैल तोंडातून शब्द न काढता जीप हाकली. हाही आपल्यावर रागावला, असं घनश्यामला वाटलं. त्याला रडूच यायचं बाकी होतं.

सोसायटीच्या शेडात भय्याजी खाटेवर बसले होते. धिप्पाड अंग, पांढरंशुभ्र धोतर, आणि आवाज असा की शेजारच्या गावाला वेगळा निरोप नको. बाजूला सोसायटीचा सेक्रेटरी इश्वर. कोपऱ्यात स्टुलावर एक किरकोळ म्हातारा मांडीवर छत्री घेऊन बसला होता. हे पुंडलिकराव मारबते, मत्स्यखात्यातून रिटायर झालेले इन्स्पेक्टर. बायको वारलेली, मुलगी भिलाईला, मोहाडीत एकटेच राहत. भय्याजींनीच त्यांना पंच म्हणून बोलावलं होतं.

"मारबते साहेब, आता तुमीच पाहा!" भय्याजी कडाडले. "पिशव्या आल्या तवा कशा टन्न होत्या! ढोलकीवानी! कलकत्तेवाल्याच्या बांधनीत खोट नाई. मंग मेलं काहून? हे पोरगं आपले तास वाढवाले आभाळात घिरट्या घालत बसलं, म्हून!"

"टन्न होत्या?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"बोट दाबलं तं दबत नव्हतं जी," इश्वर म्हणाला. "म्या सोता उतरवून घेतल्या."

म्हातारा घनश्यामकडे वळला. "पायलटबाबू, किती उंचावरून आले तुमी?"

"सहा हजार फूट. खाली ढग होते जी."

"पाहा! आयकलं?" भय्याजी खाटेवरून उठलेच. "इतक्या वर नेऊन गारठ्यानं मारले त्यानं लेकरं!"

पुंडलिकरावांनी छत्री भिंतीला टेकवली. "भय्याजी, मले आजचा दिवस द्या. इथं कोनीतरी झूट बोलून राहिलं," ते म्हणाले, आणि हे बोलताना त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही.

३

चौकशी कसली, म्हाताऱ्यानं चहा मागवला आणि एकेकाला जवळ बसवून गप्पा मारल्या. घनश्याम दाराशी उभा राहून ऐकत होता. कान तिकडे, जीव टांगणीला.

चिंधूला जीपनं धावपट्टीवरून आणवलं होतं. तो म्हणाला, "मी कायले झूट बोलू बाप्पा? वीस पिशव्या जीपमंदी ठेवल्या, अकरा वाजता जीप गेली. मंग मी झोपलो."

"जीपमंदी अगोदरचं काई होतं?"

"मांगं ताडपत्री होती. तिच्या खाली काय होतं ते मी कायले पाहू?"

इश्वर म्हणाला, "जीप आली अडीच वाजता. आपली रीत तुमाले ठाऊकच हाय जी. पिशव्या अर्धा तास तलावाच्या पान्यावर तरंगत ठेवतो. आतलं पानी अन् बाहेरचं पानी सारखं गरम झालं का मंग तोंड सोडतो, नाई तं जिरं झटक्यानं मरते. पन त्या दिवशी तरंगवाले उचलल्या तं दिसलं, अगोदरच सारं संपलं."

गोपीचंद खाली पाहत म्हणाला, "रपट्यावरून पानी जाऊन राहिलं होतं. उतरेपर्यंत बसलो. मी काय करू?"

झालं! त्यात खोटं ते काय? त्या आठवड्यात नाल्यांवरच्या प्रत्येक ठेंगण्या रपट्यावरून पाणी जात होतं. घनश्यामची उरलीसुरली आशा गेली. मग पुंडलिकराव त्याला तलावाच्या पाळीवर फिरायला घेऊन गेले.

"आता तू सांग, बावा. भय्याजी म्हनतात तसं इमान उशिरा कायले आलं?"

घनश्यामनं पाळीवरचा एक खडा पाण्यात टाकला. मग म्हणाला, "अर्धा तास जास्त लागला काका, अड्याळवरून गेलो. आमचं घर हाय तिथं. तहसिलीत कारकुनी लागत होती, ते सोडून मी विमान शिकाले गेलो, तवापासून बाबा बोलत नाई. दोन वर्सं झाली, घरी गेलो नाई. सोमवारी राहवलं नाई. तीन चकरा मारल्या. माय आंगनात होती. तिनं वरतं पाहिलं, पन तिले काय कळनार कोन हाय ते?" त्यानं म्हाताऱ्याकडे तोंड वळवलं. "काका, माह्या त्या चकरायनं मेले का हो ते जीव?"

तीन रात्री हा प्रश्न त्याचं काळीज कुरतडत होता. विचारणार कुणाला?

"नाई रे," म्हातारा म्हणाला. "आक्सिजन भरलेल्या पिशवीत जिरं दिवसभर दम धरते. तुया अर्ध्या तासानं काई होत नाई."

घनश्यामला ओक्साबोक्शी रडू आलं. पुंडलिकरावांनी त्याला रडू दिलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "अन् परत जाताना काई दिसलं?"

"काई नाई. कोशाचे पोते उशिरा आले, साडेबाराले निघालो. खाली पाहत गेलो, दुसरं काय करनार? एका बोडीत पांढरी कमळं फुलली होती. काठाकाठानं, अशी ओळीनं. चांगली वाटली."

बोडी म्हणजे लहानसं तळं. त्या भागात पावलापावलावर असतात.

"कोनती बोडी?"

"काठावर दोन शिंदीची झाडं हायेत ते."

पुंडलिकराव चालता चालता थांबले. त्यांनी घनश्यामचा दंड धरला. "बावा, तुया इमानात अजून दोन मानसं बसू शकतात का?"

४

धावपट्टीवर जत्रा जमली. इश्वरनं दोन पिशव्यांत अर्धं-अर्धं तलावाचं स्वच्छ पाणी भरलं, वरची हवा सायकलच्या पंपानं. एक पिशवी बोट दबू नये अशी टन्न बांधली. दुसरी ढिली, वरची पाव पिशवी रिकामी लोंबती. टन्न पिशवी भय्याजींच्या मांडीवर दिली आणि त्यांना पायलटच्या शेजारच्या शिटावर चढवलं. पुंडलिकराव ढिली पिशवी घेऊन मागं रिकाम्या पोत्यांवर बसले.

"मी कायले पाहिजे?" भय्याजींनी दोनदा विचारलं. पण चार लोकांत भ्यालो म्हणता येतं का? देवाचं नाव घेतलं आणि डोळे गच्च मिटून घेतले.

विमान वर चढलं. दोन हजार फूट, तीन हजार. भय्याजींनी एक डोळा उघडला आणि मांडीकडे पाहिलं.

"अबे, हे काहून फुगून राहिलं?"

"वर हवा पातळ असते!" पुंडलिकराव इंजिनाच्या वर ओरडले. "मंग आतली हवा पसरते! धरून ठेवा!"

चार हजारावर पिशवीचं प्लॅस्टिक कातडं ताणावं तसं ताणलं. पाच हजारावर तिच्या कडा करकरू लागल्या. भय्याजी 'खाली घे, खाली घे' म्हणत होते, आणि घनश्याम काटा बघत वर नेत होता. सहा हजारांना थोडं कमी असताना फाट् असा आवाज झाला. धोतर, बंडी, मिशा, सगळं चिंब! मागं म्हाताऱ्याच्या मांडीवरची ढिली पिशवी मात्र फुगून गरगरीत झाली होती आणि तिच्यातून थेंबही सांडला नव्हता.

पुंडलिकराव खिडकीला नाक लावून वैनगंगा बघत होते. भय्याजी शिव्या घालत होते. इतक्या महिन्यांत त्या विमानात माणसांचा आवाज पहिल्यांदा होत होता, आणि घनश्यामला खरं सांगायचं तर उतरूच नये असं वाटलं.

उतरल्यावर पुंडलिकरावांनी ढिली पिशवी वर धरली. ती पुन्हा पहिल्यासारखी लिबलिबीत झाली होती.

"इमानानं पाठवाचा माल बांधनारे नेहमी असाच ढिला बांधतात. वर गेला का फुगते, खाली आला का उतरते. टन्न पिशवी कोन बांधते? जो जीपनं, गाडीनं माल नेते तो, पानी हिंदकळू नये म्हून. आपन सारे वर्सानुवर्सं तसंच बांधत आलो. हाताले तेच वळन. अन् भय्याजी, तुमच्या शेडात आलेल्या वीसच्या वीस पिशव्या टन्न होत्या. सहा हजार फुटावर त्यातली एक तरी टिकली असती का?"

भय्याजींनी मिशीतलं पाणी पुसलं. "म्हनजे?"

"म्हनजे त्या पिशव्या इमानात कधी बसल्याच नव्हत्या. पायलटनं आनलेला माल जित्ता होता. तो खाली बदलला."

"मंग आमचा माल कुठं हाय?" भय्याजी गरजले.

"चला, कमळं पाहाले जाऊ. गोपीचंद, जीप काढ. त्या दोन शिंदीच्या बोडीवर ने."

आसपास पन्नास बोड्या. पण गोपीचंदनं कोणती ते विचारलं नाही.

५

घनश्याम पुढे, गोपीचंदच्या शेजारी बसला होता. स्टिअरिंगवरचे ते हात त्याला भाकर मोडून द्यायचे. आता ते वाट न विचारता एकेक वळण घेत होते, आणि घनश्यामला सगळं कळून चुकलं. त्याला मागं वळून म्हणावंसं वाटलं, काका, नको, परत चला. पण शनिवार डोळ्यांपुढे होता.

"ह्या उन्हाळ्यात ते बोडी तळापर्यंत खोदली," मागून पुंडलिकराव सांगत होते. "कमळाची कांदा-मुळी काई उरली नाई. तिच्यात कमळं कुठून येतीन? साडेबारा वाजता काठाकाठानं ओळीनं पांढरं काय तरंगत असन? तरंगत ठेवलेल्या पिशव्या! चोर असो का साव, रीत कोनी चुकवत नाई. ते जिरं ज्यानं नेलं, त्याले ते जगवाचं होतं."

बोडीच्या काठावर बारा घरांची वस्ती. एक बाई टोपल्यातून कोंडा फेकत होती आणि जिथं कोंडा पडे तिथं पाणी शहारत होतं. हजारो तोंडं, टाचणीच्या टोकाएवढी.

भय्याजींना पाहून बाई हरखली. तिनं डोईवरचा पदर सावरला. "या जी! देव भलं करो तुमचं. आमाले बीज देल्लं तुमी. भाऊ म्हने, सोसायटीनं पाठवलं."

"कोन भाऊ?" पुंडलिकरावांनी हळूच विचारलं.

"हा काय, माहा गोपी." ती रत्नाबाई, गोपीचंदची विधवा बहीण.

गोपीचंद जीपमधून उतरला. त्यानं कुणाच्या पाया-बिया पडायचं नाटक केलं नाही.

"म्याच केलं. आदल्या दिवशी जुन्या पिशव्यांत धानाच्या बांधीतली बारकी मच्छी भरली अन् ताडपत्रीखाली ठेवली. सकाळपर्यंत ते मेलीच. भय्याजी, ह्या बारा घरायचं नाव तुमी सोसायटीच्या यादीतून काहून काटलं? निवडनुकीत तुमाले मत देल्लं नाई म्हून. उन्हाळाभर बायांनी बोडी खोदली. पानी आलं, अन् पान्यात टाकाले काई नाई. माह्या बहिनीनं सांगा कायकडे पाहाचं?"

भय्याजी एक पाऊल पुढे आले आणि तिथंच थांबले. ओलं धोतर पायांना चिकटलं होतं, आणि रत्नाबाई अजून त्यांच्याकडे हात जोडून उभी होती. तिला काय झालं आहे ते कळलंच नव्हतं.

"हे जिरं आता इथून काढलं तं मरन," पुंडलिकराव म्हणाले. "दोन महिन्यात बोटाएवढं होईन. तवा अर्धं तुमी न्या, अर्धं ह्यायले ठेवा. चाळीस घरायचं वर्स वाचते."

भय्याजींनी घसा साफ केला. "बाई," ते रत्नाबाईला म्हणाले, "कोंडा कमी टाकत जा. पानी सडन." मग गोपीचंदकडे न पाहता म्हणाले, "जीपची चाबी इश्वरजवळ दे."

६

तक्रार मागे घेतल्याचा कागद घनश्यामच्या खिशात होता. नोकरी वाचली होती, दाखला मिळणार होता. विमानात कोशाची पोती भरून झाली. गोपीचंद बारा मैल चालत धावपट्टीवर आला होता.

"माह्यावर आलं तवा तरी बोलाचं होतं, गोपी."

"मले वाटलं कलकत्तेवाल्यावर जाईन. तुयावर येईन हे माह्या ध्यानीमनी नव्हतं." त्यानं पायानं माती उकरली. "तार गेल्यावर रोज म्हनलं, आज सांगतो, आज सांगतो. तुले माह्याबिगर इथं कोनी नाई, हे मले ठाऊक होतं घन्शा. म्हून तं तोंड उघडत नव्हतं."

घनश्यामला खूप बोलायचं होतं. तू केलंस ते बरं केलंस, असंही म्हणायचं होतं, आणि एक थोबाडीत मारायचीही होती. त्यातलं काहीच त्याच्याच्यानं झालं नाही. त्यानं उगाच विमानाचं तेल तपासलं, जे सकाळीच तपासलं होतं. मान वर केली तेव्हा गोपीचंद माळ ओलांडून निघाला होता.

नोव्हेंबरात विमान कंपनीचं पत्र आलं. पगार, गणवेश, मुंबईत ट्रेनिंग. घनश्यामनं ते उभ्या उभ्या चारदा वाचलं आणि खोलीत इकडेतिकडे पाहिलं. घरमालकाच्या दाराला कुलूप होतं. बाबांना पत्र घालायला बसला, तर 'तीर्थरूप'च्या पुढे हात चालेना. दुसऱ्या दिवशी मोहाडीची फेरी होती. पत्र खिशात घालून तो एकटाच उडाला, अड्याळकडे न वळता सरळ आला आणि पस्तीस मिनिटांत उतरला.

नवा ड्रायव्हर मुकाट माल उतरवत होता. घनश्याम त्याच्याजवळ गेला.

"भाऊ, मले मोठ्या विमानावर नोकरी लागली. आजच सांगून राहिलो. कोनाले सांगितलं नाई अजून."

ड्रायव्हरनं शेवटचं खोकं जीपमध्ये ठेवलं, हात झटकले आणि माल पोचल्याची चिठ्ठी पुढे केली.

"बरं," तो म्हणाला. "इथं सही करा जी."